कॅरम शास्त्रोक्त कसा हरावा

ही मार्गदर्शिका कोणासाठी आहे हे आधी सांगितलेले बरे. ज्यांचा नेम चांगला आहे त्यांनी ती वाचू नये. असलेला नेम बिघडेल. संध्याकाळी सोसायटीच्या तळमजल्यावर किंवा मंडळाच्या खोलीत चौथा भिडू कमी पडतो म्हणून ज्यांना हाक मारली जाते, दुसऱ्याच पाळीला ज्यांचा जोडीदार छताकडे बघू लागतो, आणि नववीत गतीचे नियम घोकून दहावीत जे ते बिनदिक्कत विसरले, त्यांच्यासाठी हा सगळा खटाटोप. वाचून तुम्ही जिंकाल अशी हमी नाही. हरलात तर नेमके का हरलात हे मात्र अंशात आणि मिलिमीटरात सांगता येईल. "आज नशीबच नव्हतं" यापेक्षा ते केव्हाही भारदस्त वाटते.

साहित्य

एक बोर्ड, आतली खेळायची जागा साधारण ७४ सेंटिमीटर चौरस. सोंगट्या १९: पांढऱ्या ९, काळ्या ९ आणि लाल राणी. प्रत्येकीचे वजन ५ ग्रॅमच्या आसपास, व्यास ३ सेंटिमीटरपेक्षा किंचित जास्त. एक स्ट्रायकर, स्पर्धेच्या नियमांप्रमाणे तो १५ ग्रॅमपेक्षा जड आणि ४.१३ सेंटिमीटरपेक्षा मोठा नसावा, धातूचा किंवा हस्तिदंती तर चालतच नाही. बोरिक पावडर. डोक्यावर दिवा. बाजूला उभे राहून सल्ला देणारे एक काका. ते आणावे लागत नाहीत, बोर्ड मांडला की येतात.

या यादीतले दोनच आकडे पाठ करा, १५ आणि ५. तुमच्या वाट्याला येणारे बहुतेक अपमान या तीनास एक प्रमाणातून निघतात.

पूर्वतयारी

बोर्ड सपाट जागी ठेवा. पलंगावर ठेवला तर जाडजूड भिडू ज्या बाजूला बसेल त्या बाजूला उतार होतो आणि सगळ्या सोंगट्या त्याच्याविषयी आदर दाखवू लागतात.

आता पावडर. ती टाकण्यापूर्वी एक सोंगटी कोऱ्या बोर्डावर बोटाने सरकवून पाहा. वीतभर जाईल आणि थांबेल. हे पाहून तुम्हाला वाटेल की वस्तूचा स्वभाव थांबण्याचा आहे. ती चालत राहावी म्हणून कोणीतरी सतत ढकलत राहायला हवे. लाजू नका. ॲरिस्टॉटलला हेच वाटत होते आणि त्याच्यामागून शेकडो वर्षे शहाण्यासुरत्या माणसांना हेच वाटत आले. पावडर नसलेल्या बोर्डावर प्रत्येक जण ॲरिस्टॉटलच असतो.

मग पावडर टाका, हाताने पसरा आणि तीच सोंगटी तितक्याच जोराने सरकवा. समोरच्या कडेवर आपटून ती परत येईल. बोटाने दिलेला वेग तोच होता. बदलले ते फक्त घर्षण. म्हणजे थांबणे हा सोंगटीचा स्वभाव नव्हता, तिला थांबवणारे बल बाहेरून लागत होते. गॅलिलिओने उतरणीवरून गोळे सोडून हाच विचार पुढे नेला: घर्षण कमी करत गेलो तर वस्तू लांब लांब जाते, आणि ते शून्यच असते तर ती थांबलीच नसती. न्यूटनने १६८७ साली 'प्रिन्सिपिया'मध्ये त्याला पहिल्या नियमाची जागा दिली. बोरिक ॲसिडचे स्फटिक पातळ थरांचे असतात आणि ते थर एकमेकांवरून सहज घसरतात. एवढ्यावर आपले पहिल्या नियमाचे प्रात्यक्षिक उभे आहे. पावसाळ्यात मुंबईत किंवा कोकणात बोर्ड ओल धरतो, पावडर चिकटते आणि पहिला नियम सप्टेंबरपर्यंत तात्पुरता स्थगित राहतो. अशा वेळी घरातली टाल्कम पावडर ओतू नये. बोर्डाला सुगंध येतो, वेग येत नाही.

घर्षणाची आणखी एक गोष्ट आत्ताच शिकून ठेवा, पुढे ती वर्मी लागणार आहे. घर्षण जड वस्तूला जास्त ओढते, पण जड वस्तूला थांबवायला बलही जास्तच लागते, त्यामुळे हिशेब फिटतो. स्ट्रायकर असो की सोंगटी, पृष्ठभाग सारखेच गुळगुळीत असतील तर दोघांचाही वेग सारख्याच दराने उतरतो. सुरुवातीचा वेग दुप्पट केला तर थांबेपर्यंतचे अंतर मात्र दुप्पट होत नाही, चौपट होते. "थोडा जोर वाढव" असे काका म्हणतील तेव्हा हे आठवा.

कृती

स्ट्रायकर आपल्या रेघेवर ठेवा, दोन्ही रेषांना टेकेल असा. बोट मागे घ्या आणि टिचकी मारा. टिचकीच मारा, ढकलू नका. ढकलणे फाउल आहे. यात नीतीचा प्रश्न कमी आणि भौतिकशास्त्राचा जास्त आहे. स्ट्रायकरचा संवेग, म्हणजे वस्तुमान गुणिले वेग, किती बदलेल हे बल आणि ते किती वेळ लावले यांच्या गुणाकारावर ठरते. थोडे बल बराच वेळ लावून जो संवेग मिळतो, तोच मोठे बल क्षणभर लावूनही मिळतो. पण बराच वेळ बोट लावून ठेवणारा माणूस वाटेत दिशाही सुधारून घेतो, आणि ते बाकीच्या तिघांना मंजूर नसते. टिचकीत मात्र बोट सुटले की सुटले. पुढचे सगळे स्ट्रायकर आणि न्यूटन यांच्यात.

टिचकीनंतर नखाच्या मुळाशी ठणका लागला तर तो तिसरा नियम. तुम्ही स्ट्रायकरवर जेवढे बल लावले तेवढेच त्याने तुमच्यावर लावले. स्ट्रायकरचे वजन १५ ग्रॅम आहे आणि तुमचे त्याच्या पाचेक हजार पट, म्हणून तो गेला आणि तुम्ही जागेवरच राहिलात. बल सारखे असते, परिणाम सारखा नसतो.

ड्यू

आता आपण या मार्गदर्शिकेच्या गाभ्याशी आलो. नवशिक्याची सगळ्यात मोठी व्यथा म्हणजे ड्यू: सोंगटी पॉकेटात जाते, जोडीदार "वा" म्हणायला तोंड उघडतो, आणि तिच्यामागोमाग स्ट्रायकरही डुलत डुलत आत जातो. टाकलेली सोंगटी परत बोर्डावर येते, वर दंडाची आणखी एक. लोक याला दुर्दैव म्हणतात. दुर्दैवाचा इथे काहीही संबंध नाही, हे खालील आकडेमोडीने सिद्ध होईल.

स्ट्रायकर समोरून, अगदी नाकासमोर, स्थिर सोंगटीवर आदळला असे धरू. टकरीच्या आधीचा एकूण संवेग आणि नंतरचा एकूण संवेग सारखाच राहतो. टकरीत ऊर्जाही वाया गेली नाही असे घटकाभर मानले, तर तीनास एक या प्रमाणाचे उत्तर एकच निघते: स्ट्रायकरचा वेग निम्मा उरतो आणि सोंगटीला त्याच्या मूळ वेगाच्या दीडपट वेग मिळतो. ताळा करून पाहा. स्ट्रायकरने १५ ग्रॅममागे अर्धा वेग गमावला, म्हणजे साडेसात. सोंगटीने ५ ग्रॅममागे दीड वेग कमावला, म्हणजे साडेसात. जमाखर्च बरोबर.

दोन गोष्टी इथे थांबून बघण्यासारख्या आहेत. पहिली, सोंगटी तिला मारणाऱ्यापेक्षा जोरात पळते. दुसरी, स्ट्रायकर थांबत नाही आणि उलटही फिरत नाही; अर्ध्या वेगाने तिच्याच मागे, त्याच रेषेत निघतो. त्या रेषेच्या टोकाला पॉकेट आहे. पॉकेटाचा व्यास साधारण ४.४५ सेंटिमीटर आणि स्ट्रायकरचा ४.१३. म्हणजे सोय करूनच ठेवली आहे.

तरीही प्रत्येक सरळ शॉटला ड्यू होत नाही, याचे कारण घर्षण. टकरीनंतर सोंगटीचा वेग स्ट्रायकरच्या तिप्पट, म्हणून अंतर नऊपट. सोंगटी कशीबशी पॉकेटापर्यंत पोचेल एवढ्याच हलक्या हाताने मारले, तर स्ट्रायकर तिच्या वाटेच्या एक नवमांश अंतरावर निमूटपणे थांबतो. तो पॉकेटापर्यंत जायचा तर सोंगटीला गरजेच्या निदान तिप्पट वेग मिळालेला असला पाहिजे. खऱ्या टकरीत थोडी ऊर्जा आवाजात आणि उष्णतेत जाते, म्हणून तिप्पटीऐवजी अडीच-पावणेतीन पट म्हणा. सरळ शॉटवर ड्यू झाला याचा अर्थ एवढाच की तुम्ही गरजेच्या अडीच-तीन पट वेगाने मारले होते. ती जोराची लेखी पावती आहे. सोंगटी पॉकेटाच्या तोंडाशी, अगदी चार बोटांवर असते तेव्हाच ड्यू का होतो, हेही आता उलगडले असेल: चार बोटांसाठी लागणारा जोर इतका कमी असतो की त्याच्या तिप्पट मारायला काही त्रासच पडत नाही. सोप्या सोंगटीवर लोक हात मोकळा सोडतात आणि मोकळ्या हाताचे पैसे भरतात.

जिज्ञासूंसाठी एक उपप्रश्न. स्ट्रायकर ५ ग्रॅमचाच असता तर? बरोबरीच्या वजनाच्या टकरीत मारणारा जागीच थांबतो आणि मार खाणारा सगळा वेग घेऊन जातो. सरळ शॉटवर ड्यू उरलाच नसता आणि कॅरम हा फार सज्जन, फार कंटाळवाणा खेळ झाला असता. उलट स्ट्रायकर पावशेराचा असता तर टक्कर झाल्याचे त्याला कळलेही नसते. सोंगटी जवळजवळ दुप्पट वेगाने पुढे आणि तो जवळजवळ पूर्ण वेगाने मागे, दोघे एकाच पॉकेटात. म्हणून वजनाला मर्यादा. "माझा स्ट्रायकर घरून आणलाय" असे म्हणणाऱ्या भिडूचा स्ट्रायकर हातात घेऊन तोलून पाहण्यात असभ्यपणा नाही.

टकरीचे हे गणित सुटायला वेळ लागला, हे नवशिक्यांना धीर देण्यासाठी सांगतो. देकार्तने १६४४ साली टकरींचे सात नियम छापले. त्यातल्या चौथ्यानुसार लहान वस्तू स्थिर असलेल्या मोठ्या वस्तूवर कितीही वेगाने आदळली तरी मोठी जराही हलत नाही. बोर्डावर स्ट्रायकर ठेवून त्यावर सोंगटी मारली की स्ट्रायकर हलतो, हे सात वर्षांचे पोर दाखवून देईल. देकार्तकडे बोर्ड नव्हता. मग ख्रिस्तियान हॉयगेन्सने हॉलंडच्या कालव्यातून संथ जाणाऱ्या नावेतल्या गोळ्यांची टक्कर मनात उभी केली आणि तीच टक्कर काठावरच्या माणसाला कशी दिसेल असा प्रश्न विचारला. दोघांचे निरीक्षण जुळले पाहिजे एवढ्या मागणीतून त्याने बरेच गणित सोडवले. फार पुढे, १८३५ साली, कोरिओलिसने बिलियर्ड्सच्या गणितावर अख्खे पुस्तक लिहिले. पण बिलियर्ड्सचा चेंडू घरंगळतो. त्याला पुढचा-मागचा पीळ देऊन टकरीनंतर परत बोलावता येते. आपला स्ट्रायकर घसरणारी चकती आहे. त्याला परत बोलावण्याचा मार्ग नाही. तो जे करायचे ते करून मोकळा होतो.

कट

सोंगटी पॉकेटाच्या रेषेत नसेल तेव्हा कट मारावा लागतो. यासाठी कल्पनेत दुसरा स्ट्रायकर बसवा. सोंगटीला पॉकेटाच्या विरुद्ध बाजूने अचूक टेकलेला, असा. खऱ्या स्ट्रायकरचा मध्य टकरीच्या क्षणी त्या काल्पनिक स्ट्रायकरच्या मध्यावर आला की सोंगटी पॉकेटाकडे निघते, तुम्ही कुठूनही मारलेले असो. टकरीतले मुख्य बल दोन्ही मध्यांना जोडणाऱ्या रेषेतच लागते; सोंगटीला तेवढी एकच दिशा कळते. स्ट्रायकर कुठून आला, कोणी मारला, मागची पाळी कोणाची होती, याच्याशी तिला देणेघेणे नाही.

ऐकायला सोपे आहे. आता मिलिमीटर मोजू. टकरीच्या क्षणी दोन मध्यांमधले अंतर साडेतीन सेंटिमीटरहून थोडे जास्त असते. स्ट्रायकर बाजूला एकच मिलिमीटर सरकून लागला तर सरळ शॉटमध्ये सोंगटीची दिशा दीड अंशाने बिघडते. साठ सेंटिमीटर दूरच्या पॉकेटापाशी हा बिघाड दीड सेंटिमीटरच्या वर जातो. सोंगटी जाईल, पण कडेला घासून. दोन मिलिमीटर चुकलात तर तीन सेंटिमीटरच्या वर, म्हणजे राम राम. आणि तो एक मिलिमीटर येतो कुठून? चाळीस सेंटिमीटर अंतरावर मारताना तुमचे बोट अंशाच्या सातव्या भागाने ढळले की पुरे. बोटाची चूक टकरीतून निघते तेव्हा अकरा पट झालेली असते. साठ अंशांच्या पातळ कटला हीच चूक आणखी दुप्पट होते, आणि सोंगटीला मिळणारा वेग निम्मा. म्हणून पातळ कट एकाच वेळी जोरात आणि अचूक मारावा लागतो, आणि या दोन गोष्टी एकाच बोटाला सहसा जमत नाहीत.

त्या पातळ कटमध्ये सोंगटी स्ट्रायकरच्या ऊर्जेचा पाचवा हिस्साही घेत नाही. उरलेली चार हिश्श्यांहून जास्त ऊर्जा घेऊन स्ट्रायकर बोर्डभर हिंडतो, दोन कडांवर आपटतो आणि समोरच्याची अडकलेली सोंगटी मोकळी करून देतो. यालाही लोक दुर्दैव म्हणतात.

एक दिलासा. मोकळ्या सोंगटीवर आदळून स्ट्रायकर आपल्या मूळ वाटेपासून किती वळू शकतो याला कमाल मर्यादा आहे, आणि ती साडेएकोणीस अंश आहे. कुठेही मारा, कसेही मारा, तिप्पट जड स्ट्रायकरला एकटी सोंगटी याहून जास्त वळवू शकत नाही. तेव्हा ड्यू टाळायला सोंगटी जराशी बाजूने घ्यावी. स्ट्रायकर दहा-पंधरा अंश जरी वळला तरी पॉकेट चुकवून कडेवर जातो. सराईत खेळाडू तोंडावरची सोंगटी किंचित तिरकी घेतात ती याच कारणाने. त्यांना विचारलेत तर "अशीच घ्यायची असते" एवढेच उत्तर मिळेल.

ब्रेक

राणी मध्यभागी, तिच्याभोवती सहा, त्यांच्याभोवती बारा. एका गोल चकतीभोवती तेवढ्याच आकाराच्या बरोबर सहा चकत्या बसतात, म्हणून ही मांडणी इतकी घट्ट होते. तिच्यावर स्ट्रायकर आदळला की १५ ग्रॅमचा संवेग ११० ग्रॅमच्या जमावात वाटला जातो. सगळे मिळून पुढे सरकण्याचा सरासरी वेग मूळच्या सातव्या हिश्श्याहून कमी भरतो. डावीकडे जेवढा संवेग गेला तेवढाच उजवीकडे गेला, असा हिशेब कडांना स्पर्श होईपर्यंत पक्का बसतो. पण कोणती सोंगटी कुठे जाईल हे विचारू नका. एका टकरीत चूक अकरा पट होते हे आत्ताच पाहिले. इथे एकीकडून दुसरीकडे, दुसरीकडून तिसरीकडे असे चाललेले असते. बसवताना केसभर राहिलेली फटही शेवटी एखाद्या पॉकेटाचा निकाल लावते.

म्हणून एक व्यावहारिक सूचना. ब्रेकमध्ये आपली सोंगटी गेली तर आश्चर्य दाखवू नये. चेहरा स्थिर ठेवून पुढच्या शॉटसाठी स्ट्रायकर उचलावा. समोरच्याची गेली तर "ब्रेकमध्ये काय, कुणाचीही जाते" हे खरे विधान मोठ्याने करावे.

अडचणी आणि उपाय

*रिबाउंड नेहमी चुकतो.* ज्या कोनात गेला त्याच कोनात परत येणार, हे आरशातल्या प्रकाशाला लागू आहे. लाकडी कड थोडी लबाड असते. आपटताना कडेवर सरळ जाणारा वेग ती बऱ्यापैकी खाऊन टाकते, कडेच्या समांतर वेग त्या मानाने कमी. त्यामुळे परतीची वाट अपेक्षेपेक्षा कडेकडे झुकते. किती, हे बोर्डागणिक वेगळे. परक्याच्या बोर्डावर पहिल्याच पाळीला रिबाउंडवर राणी घेऊ नये.

*दोन सोंगट्या एकमेकींना चिकटून पॉकेटाच्या रेषेत उभ्या आहेत.* ही नवशिक्यासाठी ठेवलेली खिरापत आहे. पुढच्या सोंगटीची दिशा या दोघींच्या मध्यांची रेषा ठरवते, तुमचा नेम नव्हे. मागचीला कुठूनही नीट धक्का द्या. नंतर वर केलेला हात खाली आणण्याची घाई करू नका.

*सोंगटी पॉकेटाच्या काठावर अर्धवट बाहेर येऊन थांबली.* तिचा गुरुत्वमध्य अजून लाकडावर आहे. तो काठाच्या पलीकडे जात नाही तोवर ती पडणार नाही, तिच्याकडे कितीही वेळ बघितले तरी. आपल्या पाळीला तिला अगदी हलका धक्का पुरेल. तिप्पट जोराचा हिशेब वर दिलेलाच आहे. तिच्यावर फुंकर मारणे हे बाह्य बल असून त्यावरून भांडण होते. बोर्डाला खालून गुडघा लावणे हेही बाह्य बलच, फक्त ते सिद्ध करता येत नाही.